नव्या बॉक्सवर जुनी मूठ

आमच्या गॅरेजमधून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी आधी मागे जायची. जागाच तशी होती. रस्त्यापासून तळ्यापर्यंत उतरत गेलेली एक लांबट पट्टी. वरच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं घर, त्याला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा. खड्ड्यापुढची थोडी मोकळी जमीन संपली की थेट तळ्याच्या पायऱ्या. गाडी तळ्याकडे नाक करून आत यायची आणि काम झालं की चढावर मागे मागे घेत रस्त्यावर काढावी लागायची. वळवायला जागा नव्हती. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत आणि दुसऱ्या बाजूला बाबांनी जमवलेल्या जुन्या ॲक्सलांचा ढीग. तो ढीग हलवला तर गाडी सुखानं वळेल, असं आई लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणत होती. बाबा म्हणायचे, "लोखंड आहे ते. खात नाही, पित नाही. तुह्या डोळ्यात काहून खुपते?" आणि ढिगावर आणखी एक ॲक्सल येऊन पडायचा.

बाबा सगळंच दुरुस्त करायचे, पण त्यांचं नाव होतं ते गिअरबॉक्स बदलण्यात. त्या काळात रायपुरात जीपच्या तोंडाच्या जुन्या पिकअप फार होत्या. पंडरीच्या कापडबाजारातले गठ्ठे, बाजारची भाजी, मांडववाल्यांच्या खुर्च्या, सगळं त्यांच्याच डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात लादून जायचं. या गाड्यांना पुढचे तीनच गिअर. गावात ठीक होतं, पण महासमुंदच्या रस्त्याला लागलं की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन असं किंचाळायचं की शेजारी बसलेल्याशी बोलणं अशक्य. मग मालक लोक कुठून तरी चार गिअरचा बॉक्स पैदा करायचे आणि आमच्याकडे यायचे. जुना काढा, हा बसवा. बाबा नवा बॉक्स जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती फिरायचे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून शाफ्ट हातानं फिरवायचे, आणि वैद्यानं नाडी पाहावी तसं तोंड करून म्हणायचे, "जमते." कधी म्हणायचे, "घेऊन जा घरी, ह्याच्यात धान भर." दोन्ही निकाल अंतिम असत.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या जुन्या तीन गिअरच्या गाडीत दांडा डावीकडे घेऊन वर ढकलला की गाडी मागे जायची. रिव्हर्स तिथे होता. चार गिअरच्या बॉक्समध्ये त्याच ठिकाणी, डावीकडे वर, पहिला गिअर. म्हणजे ज्या जागेनं गाडी जन्मभर मागे गेली, तीच जागा आता तिला पुढे नेणार. रिव्हर्स गेला पार उजवीकडे, खाली. डोक्याला हे कळायला एक मिनिट पुरतं. हाताला कळायला महिने लागतात. आणि आमच्या अंगणातून गाडी पहिल्यांदा निघायची ती मागेच.

म्हणून बाबांनी एक पद्धत घालून दिली होती. बॉक्स बसला की ते डॅशबोर्डवर खडूनं गिअरच्या नव्या जागा काढायचे. मग ड्रायव्हरला बंद गाडीत बसवून गिअरचे पाढे म्हणायला लावायचे. "पयला कुठं? दुसरा कुठं? मागं जायचं, दाखव." मोठमोठे मिशीवाले ड्रायव्हर लहान पोरांसारखे दांडा हलवत पाढे म्हणायचे आणि चुकले की बाबा हातावर फडकं मारायचे. अंगणातून गाडी मात्र बाबा स्वतःच काढून द्यायचे. आणि आणखी एक होतं. जुन्या दांड्यावरची मूठ, ड्रायव्हरच्या तळव्यानं वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली, ती बाबा फिरवून काढायचे आणि नव्या दांड्यावर चढवायचे. बॉक्स नवा, मूठ जुनी. "हाताले घर पाहिजे," म्हणायचे. "सगळं बदललं तर माणूस गाडीत पाहुण्यावानी बसते." गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं. आपली मूठ पाहून काही जण तिला हात लावून नमस्कार करत.

मी तेव्हा एकोणीसची. सगळे मला बेबी म्हणायचे. आजही जे दोन-चार जण उरलेत ते तेच म्हणतात आणि माझ्या सुना हसतात. भाऊ नव्हता, बाबांची कंबर गेली होती आणि माझे हात बारीक होते. बेल हाउसिंगच्या, म्हणजे बॉक्स इंजिनाला जिथे जोडतो त्या खोळीच्या, वरच्या अंगाचे दोन बोल्ट असे अवघड जागी असतात की जाड हाताच्या माणसाला तिथे पाना धरता येत नाही. त्या दोन बोल्टांनी मला खड्ड्यात उतरवलं आणि मग मी वर आलेच नाही. क्लच प्लेट सरळ धरणं, बॉक्स वर चढवताना शाफ्ट प्लेटच्या दात्यांत अलगद घुसवणं, हे माझ्याइतकं सफाईनं बाबांनाही जमत नव्हतं, असं मी म्हणते. बाबा असते तर म्हणाले नसते.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. रोज संध्याकाळी मला मोरीजवळ बसवून ती लिंबाच्या सालीनं आणि राखेनं माझी नखं घासायची, भांडी घासावीत तशी. "उद्या कोणी पाहायले आलं तर काय सांगू? पोट्टी ऑइल पेते?" असं बोलत बोलत घासायची. पण उन्हाळ्यात आम्ही खड्ड्यातून वर यायचो तेव्हा तिघांसाठी बासी काढून ठेवलेली असायची: रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, त्यात थोडं ताक, वर मीठ, बाजूला फोडलेला कांदा आणि तव्यावर भाजलेली मिरची. आई नागपूरकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा शिळा भात पाण्यात घालून खाणारी माणसं पाहून रडली होती म्हणे. पुढे तिच्या हातची बासी पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, प्रसिद्ध झाली. तिघे म्हणजे बाबा, मी आणि सुखराम भैया. सुखराम भैया बाबांच्याच वयाचा, धमतरीकडचा, पहिल्यापासून गॅरेजमध्ये असलेला. बॉक्स छातीवर घेऊन उचलणं हे त्याचं काम. तो मला नोनी म्हणायचा; तिकडे लेकीला तसंच म्हणतात.

आणि आईचा एक हट्ट होता. बॉक्स बदललेली गाडी ओवाळल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही. ती ताटलीत दिवा, कुंकू, चार दाणे तांदूळ घेऊन यायची आणि गाडीच्या नाकासमोर उभी राहायची. म्हणजे पाठ तळ्याकडे, तोंड गाडीकडे. इंजिन चालू व्हायचं, आई ओवाळायची, गाडी मागे मागे चढायची. इतक्या वर्षांत कोणाच्या मनात आलं नव्हतं की बाई उभी आहे ती जागा कसली आहे. मागे पायऱ्या, एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला ढीग. गाडी तर मागेच जाणार होती ना!

आमची स्वतःची पिकअपही तीन गिअरचीच होती. सगळ्या गावाच्या गाड्या बदलून झाल्या तरी घरची तशीच. चांभाराच्या बायकोच्या पायात चप्पल नसते म्हणतात, तसं. बाबांनी ती माझ्या जन्माच्या आधी घेतलेली. तिच्या दांड्यावरची मूठ शिसवीची होती, त्यांनी स्वतः कातून घेतलेली, आणि ती इतकी झिजली होती की त्यांच्या अंगठ्याची खाच तिच्यात उमटली होती. शेवटी त्या उन्हाळ्यात तिच्या जुन्या बॉक्सनं दगा दिला. तिसरा गिअर टाकला की दांडा आपोआप बाहेर यायचा. बाबा एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं दांडा दाबून धरत पंडरीहून घरी आले आणि म्हणाले, "चला, हिचाही नंबर लागला."

बॉक्स मी आणि सुखराम भैयानं बसवला. बाबा वरून खड्ड्यात वाकून पाहत होते. त्यांच्या घामाचे थेंब माझ्या कपाळावर पडत होते आणि मी चिडून म्हणत होते की छत्री आणू का. बॉक्स वर गेला, शाफ्ट दात्यांत शिरला, हाउसिंगला हाउसिंग बसलं तो आवाज आला. तो आवाज मला अजून आवडतो. जाडजूड पुस्तक मिटल्यासारखा असतो. आम्ही बोल्ट आवळले, तेल भरलं, दांडा लावला. बाबांनी खिशातून शिसवीची मूठ काढली, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसली आणि आट्यांवर फिरवत फिरवत चढवली. मग दार उघडून आत बसले. बंद गाडीतच, नुसते. सुखराम भैया खाली उभा राहून विडी पेटवत होता आणि बाबा त्याला सांगत होते, "सकाळी ओवाळलं का, मागं घेतो अन् सीधा एक चक्कर मारून येतो." आणि 'मागं घेतो' म्हणताना त्यांचा हात दांड्यावर गेला, डावीकडे सरकला आणि वर ढकलला.

मी ते पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. हात त्यांचाच होता, पण तो त्यांना विचारून गेला नव्हता. मला उद्या सकाळचं सगळं समोर दिसलं. गाडीचं नाक, मोकळी जमीन, पायऱ्या. आणि मध्ये आई.

मी म्हटलं, "बाबा, रिव्हर्स तिकडे नाही."

"काय?"

"आत्ता तुम्ही डावीकडे वर टाकला. तो पयला आहे."

बाबांनी दांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी काही टाकला नाही. नुसता हात ठेवला होता."

"खडूनं काढून देऊ का? एकदा पाढे म्हणा ना."

माझ्या आवाजात थोडी चेष्टा होती, नाही म्हणत नाही, आमच्या घरात बोलायची तीच रीत होती. पण बाबा गाडीतून उतरले आणि त्यांचा चेहरा असा झाला की सुखराम भैयानं विडी मागे लपवली. "साऱ्या रायपूरले पाढे मी शिकवले," ते म्हणाले, "अन् तू मले म्हणायले लावते? माहीच गाडी, माहाच हात?" आणि ते हात धुवायला गेले. साबण लावताना किती वेळ ते हातच चोळत राहिले. सुखराम भैया हळूच म्हणाला, "नोनी, छोड़ न. तेरे बाबू का हाथ है, गलती नहीं करेगा."

तेच तर होतं. बाबांनी बदललेल्या कितीतरी गाड्या त्याच अंगणातून मागे काढल्या होत्या आणि एकदाही चुकले नव्हते. त्या गाड्यांच्या मुठी परक्या होत्या, म्हणून हात जागा असायचा. इथे हाताला घर मिळालं होतं. हे मला आज इतकं स्वच्छ सांगता येतं. तेव्हा शब्द नव्हते, नुसती भीती होती. आता माझा नातू मला त्याच्या गाडीतून नव्या रायपूरला नेतो, त्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर, आणि त्याच्या गाडीत दांडाच नाही. क्लचही नाही. मी शेजारी बसते आणि सिग्नल आला की माझा उजवा हात मध्ये जाऊन काहीतरी शोधतो. नातू म्हणतो, "आजी, क्या ढूँढ रही हो?" त्याला मराठी कळतं, पण बोलतो हिंदीच. मी म्हणते, काही नाही रे, हात येडा आहे.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं भाकरीवरून नजर काढली नाही.

"मग मी काय करू?"

"उद्या समोर उभी राहू नको. बाजूनं ओवाळ."

"बाजूनं? गाडीच्या कानाले ओवाळू?"

"आई, मी मजाक करून नाही राहिली."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "हे पाय बेबी. त्या माणसाची कंबर गेली. बॉक्स तू बसवते, उचलते सुखराम. त्याच्याजवळ आता गाडी चालवणं तेवढं उरलं. मी बाजूला उभी राहिली तर त्याले समजन का आपल्या बायकोलेही भरवसा नाही. मी नाही बाजूला होत."

मला राग आला. आईचा, बाबांचा, त्या मुठीचा. माणसं एकमेकांचा मान राखायला एवढी का झटतात आणि जिवाची पर्वा का करत नाहीत, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आताही पूर्ण कळलंय असं नाही. जेवायला झुणका होता, बाबांना प्रिय. ते खाली मान घालून जेवले. त्यांचा डावा हात मांडीवर पडलेला होता आणि मी जेवण सोडून त्या हाताकडेच पाहत होते. मी मनाशी एकच ठरवलं होतं. कोणी ऐको न ऐको, गाडी पुढे जाऊ द्यायची नाही.

सकाळी बाबांच्या आधी उठून मी शेडमध्ये गेले. साल वृक्षाच्या लाकडाचे दोन जाड ठोकळे आमच्याकडे होते, जॅकखाली ठेवायचे. ते ओढत आणून मी पुढच्या दोन्ही चाकांसमोर घट्ट बसवले, वरून हातोडीनं ठोकले. तळ्यावर बाया धुणं आपटू लागल्या होत्या. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, त्यामुळे पायऱ्या पार तळापर्यंत उघड्या पडल्या होत्या, चिखल वाळून भेगाळलेला. वरून खाली पाहिलं तर नेहमीपेक्षा खोल वाटत होतं.

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढे येऊन थांबले.

"हे कोणी ठेवले?"

"मी."

"गाडी मागं जायची आहे. पुढं ठोकळे कायले?"

बाबांनी वाकून, कंबर धरत, एक ठोकळा उपटला आणि बाजूला टाकला. मग दुसरा. दुसरा निघेना, तर सुखराम भैयाला हाक मारली. तो माझ्याकडे पाहत आला आणि मान खाली घालून त्यानं तो काढला. काय करणार बिचारा. आई ताटली घेऊन घरातून उतरून आली. चांगलं पातळ नेसली होती, हिरवं. ती माझ्याकडे न बघता पुढे गेली आणि जाऊन उभी राहिली, तिच्या नेहमीच्या जागी.

बाबा गाडीत चढले तशी मी पळत जाऊन दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि बाबांच्या शेजारी बसले. ते म्हणाले, "उतर." मी म्हटलं, "मले चक्कर मारायची आहे. बॉक्स मी बसवला." त्यांनी आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं. आमच्या गाडीत डिझेल बंद करायची एक तार डॅशबोर्डच्या मधोमध होती. तिचं टोक ओढलं की इंजिन मरायचं. ती कधी कधी अडकायची, दोनदा ओढावी लागायची. मी उजवा हात तिच्याजवळ नेऊन ठेवला, जसा सहज ठेवलाय असा.

बाबांनी चावी फिरवली. इंजिन लागलं, गाडी थरथरली. काचेतून आई दिसत होती. दिव्याची ज्योत उन्हात दिसत नव्हती, नुसती तिची ताटली गोल फिरत होती. बाबांनी क्लच दाबला. हात मुठीवर गेला, अंगठा आपल्या खाचेत बसला. मी त्या हाताकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, उजवीकडे, बाबा, उजवीकडे, खाली.

हात डावीकडे गेला आणि वर.

मी ओरडले, "बाबा, पयला!" पण क्लच सुटला होता. गाडीनं पुढे उसळी घेतली. आणि इथे जे झालं ते फक्त आमच्याच अंगणात होऊ शकलं असतं. उतारावर उभी गाडी मागे घेताना ती आधी हातभर पुढे ओघळतेच, आणि अशा वेळी ड्रायव्हर काय करतो, आणखी रेस देतो. बाबांच्या पायानं तेच केलं. त्यांना वाटलं गाडी ओघळतेय. त्यांनी रेस दिली. इंजिन गरजलं आणि आई एकदम मोठी झाली, काचभर. मी तार ओढली. ती अडकली. मी दोन्ही हातांनी, पाय डॅशबोर्डला टेकवून, परत ओढली आणि ती हातात येईल की काय इतकी बाहेर आली. इंजिन आचका देऊन मेलं. गाडी गिअरमध्येच होती, चाकं जागेवर थबकली, आम्ही दोघं काचेवर आपटलो.

आई दिसत नव्हती.

एक आवाज तेवढा येत होता. ताटली. ती पायऱ्यांवरून ठणठणत खाली चालली होती, एकेका पायरीवर थांबून थांबून, आणि मग आवाज बंद झाला. तळ्यावरची धुणीही थांबली होती. बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांच्या तोंडातून "अवं... अवं..." एवढंच निघत होतं. मला दार उघडता येईना. हात ओला साबण धरल्यासारखा निसटत होता.

मी खाली पडत उतरले आणि पुढे गेले. आई पहिल्या पायरीच्या खाली दुसरीवर बसलेली होती, पदर डोक्यावरून पडलेला, एक कोपर खरचटलेलं, आणि गाडीचा बंपर तिच्या कपाळापासून वीतभर. पुढची चाकं पायरीच्या तोंडापासून हातभर अलीकडे होती. सुखराम भैया अंगातला सदरा काढून तिच्याकडे का धरत होता कोण जाणे. मी तिला मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला लागले. तिनं मला दूर केलं, बंपरला धरून उठली, पदर घेतला आणि खाली पाहिलं.

"ताटली गेली," ती म्हणाली. "माह्या मायनं देली होती."

मग तिनं बाबांकडे पाहिलं. ते काचेमागे तसेच होते. उतरत नव्हते, पाहत नव्हते. त्यांचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, जणू कोणी दुसऱ्यानं तिथे ठेवून दिला आहे. मी आईला ओळखत होते. ती आता तोंडाचा पट्टा सोडणार, सगळा पारा गोळा करणार, ॲक्सलांच्या ढिगापासून सुरुवात करणार, याची मला खात्री होती. ती चालत त्यांच्या खिडकीपाशी गेली.

"अहो," ती म्हणाली. "मागं घ्या."

बाबांनी मान हलवली. "बेबीले सांग. मी नाही आता. कधीच नाही."

"बेबी नाही. तुम्ही."

"माहा हात..." बाबांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं ते तेव्हा. "तुह्यावर गेला असता माहा हात."

"हव, गेला असता," आई म्हणाली. "आज असाच ठेवला तर उद्या घासही नाही उचलणार तो. मागं घ्या म्हणते ना."

आणि ती वळली, परत पुढे आली आणि त्याच पायरीवर, बंपरपासून दोन हातांवर, उभी राहिली. ताटली नाही, दिवा नाही. रिकामे हात जोडून. मी म्हटलं, "आई, बाजूला हो. पाया पडते तुह्या." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "ठोकळे लाव," म्हणाली, "अन् जाय, बस त्याच्याजवळ."

सुखराम भैयानं आणि मी दोन्ही ठोकळे आणून चाकांपुढे ठोकले. मी आत बसले. आधी तार जागेवर ढकलली. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी ती शिसवीची मूठ धरली आणि उलटी फिरवायला लागले. घट्ट होती. बाबा पाहत होते. मूठ निघाली आणि खाली नुसता लोखंडी दांडा उरला, आट्यांचा, खरखरीत. "धरा," मी म्हटलं. "आता त्याले समजन का घर बदललं."

बाबांनी त्या उघड्या दांड्यावर तळवा ठेवला. त्यांना आटे टोचले असणार, कारण त्यांनी हात उचलून एकदा पाहिला. मग क्लच दाबला आणि स्वतःशीच, तोंडातल्या तोंडात, पाढे म्हणायला लागले. "पयला डावीकडं वर. दुसरा खाली. तिसरा मध्ये वर. चौथा खाली. मागं..." हात उजवीकडे गेला, पार शेवटपर्यंत, आणि खाली. "मागं इथं."

"हो," मी म्हटलं.

"इथंच ना?"

"इथंच, बाबा."

त्यांनी चावी फिरवली. इंजिन लागलं. माझा हात तारेवर होता आणि डोळे आईवर. तिनं डोळे मिटले नव्हते. क्लच हळू सुटला, इतका हळू की गाडी गुदमरेल असं वाटलं, आणि मग ठोकळे चाकांपासून सुटे झाले. गाडी मागे निघाली. बोटभर, वीतभर, हातभर. आणि गाडी जशी मागे जाऊ लागली तशी आई पुढे चालू लागली. तितकंच अंतर ठेवून, हात जोडलेले, चढावर, गाडीच्या तोंडासमोर. खड्डा ओलांडला, शेड गेली, घर गेलं, आम्ही मागे आणि ती पुढे, रस्त्यापर्यंत. मी वळून मागचा रस्ता पाहायला हवं होतं. तो सुखराम भैयानं पाहिला, ओरडून सायकली थांबवून. बाबा आणि मी फक्त तिलाच पाहत होतो.

रस्त्यावर गाडी थांबली, बाबांनी ब्रेक ओढला, आणि तेव्हा कुठे आईनं जोडलेले हात सोडले. ती रस्त्याच्या कडेला धुळीत बसली. हिरव्या पातळासकट. बाबा उतरले आणि तिच्या शेजारी बसले. पाऱ्यात, भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. असं ते कधी बसले नव्हते. त्यांच्या तळव्यावर आट्यांच्या गोल खुणा उठल्या होत्या. तो तळवा त्यांनी आईच्या पाठीवर ठेवला. सुखराम भैया पाणी घेऊन आला. मी उभी होते, हातात शिसवीची मूठ.

त्यानंतर बाबांनी कुठल्याच गाडीवर जुनी मूठ चढवली नाही. गिऱ्हाईक मागायचं, तर ते ती त्याच्या हातात द्यायचे, "घरी ठेव" म्हणायचे, आणि नव्या दांड्यावर सुतळी गुंडाळून द्यायचे, हाताला टोचेल अशी. आमच्या पिकअपच्या दांड्यावरही शेवटपर्यंत सुतळीच होती. आणि गाडी मागे जायची असली तरी ठोकळे पुढच्या चाकांना लागायचेच. नवी माणसं हसायची, मागे जाणाऱ्या गाडीला पुढून अडवता काय म्हणून. बाबा हसत नसत. अंगणातल्या ढिगालाही त्यांनी त्याच आठवड्यात हात घातला आणि सगळं लोखंड भंगारात काढलं. आई म्हणाली, आता काय फायदा, गाड्या मागे जायची मला सवय झाली.

पण ते नंतरचं. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या आई पहिलं वाक्य बोलली ते बाबांना नव्हे, मला. तिनं माझी नखं पाहिली. काळी होती, कालची घासायची राहिली होती. तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, पदरानं एक बोट पुसलं, दुसरं पुसलं, आणि मग पुसणं सोडून तसाच धरून ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "ह्याच हातानं तार ओढली."